भाकरी यकृतापर्यंत कशी पोचते, ते आधी बघ

पत्र:

मॅडम, मी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग लातूरला दोन वर्षं नीटची तयारी. तिथं पाठांतरावर निभावलं, इथं निभत नाही. सध्या ॲब्डॉमेनचं डिसेक्शन चालू आहे आणि बायोकेमिस्ट्रीत कार्बोहायड्रेट मेटाबॉलिझम. दोन्ही वह्या भरल्यात, पण डोक्यात काही राहत नाही. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशी ग्लुकोज मोडून ऊर्जा काढते त्याच्या, दहा पायऱ्या लिहून लिहून पाठ केल्या आणि आठवड्यात विसरले. परवा व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी विचारलं, ग्लुकोज तोंडानं दिलं आणि शिरेतून दिलं तर इन्सुलिन कशानं जास्त सुटेल? मी म्हणाले शिरेतून, कारण ते थेट रक्तात जातं. सर म्हणाले, या तुम्ही. त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांना शुगर आहे. म्हणाले, "रात्री आठला जेवतो, सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेत नाही, तरी उपाशीपोटीची साखर दीडशेच्या वर येते. ती येते कुठून?" मला सांगता आलं नाही. शेतीवर घर चालवून ते मला शिकवतायत. रात्री झोप लागत नाही. मी चुकीच्या ठिकाणी आलेय का?

– एक विद्यार्थिनी, मराठवाडा

उत्तर:

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तू चुकीच्या ठिकाणी आलेली नाहीस. व्हायव्हात तुझं उत्तर चुकलं, पण तू उत्तराला कारण जोडलंस. मधला रस्ता ठाऊक नव्हता, एवढंच. आणि बाबांनी विचारलेला प्रश्न तर इतका मोलाचा आहे की त्याचं उत्तर नीट देता आलं, तर तुझं अर्धं कार्बोहायड्रेट मेटाबॉलिझम झालं म्हणून समज.

तुझी अडचण तुझ्याच पत्रात लिहिलेली आहे: दोन वह्या. ॲनाटॉमीच्या वहीत पोट आहे, पण त्यात अन्न नाही. बायोकेमिस्ट्रीच्या वहीत रिॲक्शन आहेत, पण त्या कुठल्या अवयवात चालल्यात याचा पत्ता नाही. अशी माहिती डोक्यात टिकत नाही, कारण तिला धरून ठेवायला काहीच नसतं. म्हणून यापुढे दोन प्रश्नांची सवय लाव. कुठलीही रचना समोर आली की विचार, इथून काय जातं? कुठलीही रिॲक्शन समोर आली की विचार, ही कुठे होते आणि कधी होते? कधी म्हणजे जेवल्यावर की उपाशी असताना. एवढ्यावर दोन वह्यांची एक वही होते. कशी, ते आपण बाबांच्या रात्रीच्या जेवणावरूनच बघू.

ज्वारीच्या दोन भाकऱ्या धर. दोन्हींत मिळून साधारण ७० ग्रॅम स्टार्च असतो. हा आकडा लक्षात ठेव, तो पुढे लागणार आहे.

तोंडात फार वेळ थांबायला नको. पॅरोटिडच्या लाळेतलं अमायलेज काम सुरू करतं. घास जठरात गेल्यावर आम्ल त्याच्या आतपर्यंत शिरेपर्यंत ते चालू राहतं, मग थांबतं. स्टार्च पचवणारं जठराचं स्वतःचं एन्झाइम नाही. मग जठराचा ग्लुकोजशी संबंध काय? संबंध आहे तो पायलोरसचा, म्हणजे जठराच्या खालच्या दाराचा. जेवण ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, किती वेगानं सुटणार हे तिथं ठरतं आणि जेवणानंतर रक्तातली साखर किती चढणार हे बऱ्याच अंशी त्या वेगावर अवलंबून असतं. भाकरीबरोबर तेल घातलेलं पिठलं असेल तर जठर सावकाश रिकामं होतं. उलट, शस्त्रक्रियेत जठराचा हा भाग काढावा लागला तर अन्न भसकन खाली उतरतं, साखर एकदम चढते, इन्सुलिन जोरात सुटतं आणि दोन-तीन तासांनी साखर खाली कोसळते. डम्पिंग सिंड्रोमचा हा उशिराचा प्रकार. पायलोरस एल-१ च्या, म्हणजे कमरेच्या पहिल्या मणक्याच्या, पातळीवर असतो हे तू पाठ केलंच असशील. तो काय करतो हेही त्याच ओळीत लिही.

ड्युओडेनम २५ सेंटिमीटरचा, इंग्रजी सी अक्षरासारखा, पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) डोक्याला वळसा घालून बसलेला. दुसऱ्या भागाच्या मागच्या-आतल्या भिंतीवर मेजर पॅपिला. तिथून पॅन्क्रियाजचं अमायलेज येतं, आणि आम्ल मारायला बायकार्बोनेट येतं. आम्ल मेलं नाही तर हे अमायलेजही काम करणार नाही. साधारण याच जागी फोरगट संपतो आणि मिडगट सुरू होतो, म्हणजे सीलियाक ट्रंकचं राज्य संपून सुपीरियर मेसेंटेरिकचं सुरू होतं. एक गोष्ट इथं मुलं हमखास चुकतात. अमायलेजमुळे ग्लुकोज तयार होतं असं लिहितात. अमायलेज साखळीच्या मधले अल्फा-१,४ बंध तोडतं. त्यातून निघतात माल्टोज, माल्टोट्रायोज आणि फांद्यांच्या जागी उरलेले लिमिट डेक्स्ट्रिन. सुटं ग्लुकोज अजून जवळपास नाहीच.

ते तयार होतं जेजुनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या, भिंतीवर, आणि इथं मला थांबायचंय.

पुढच्या डिसेक्शनला ट्रान्सव्हर्स कोलन वर उचल, ड्युओडेनोजेजुनल फ्लेक्शर शोध आणि तिथून आतड्याचं एक वेटोळं मेसेंटरीसकट उजेडासमोर धर. जेजुनमच्या मेसेंटरीत रक्तवाहिन्यांच्या कमानी कमी, सरळ वाहिन्या लांब, आणि मधे चरबी नसलेल्या स्वच्छ खिडक्या दिसतील. मग इलियमचं, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचं, वेटोळं धर: कमानी जास्त, वाहिन्या आखूड, खिडक्या चरबीनं भरलेल्या. हा फरक स्पॉटरला विचारतात म्हणून सगळे पाठ करतात. तू बोटांनी भिंतही चाचपून बघ. जेजुनमची भिंत जाड लागते, कारण आत वळ्या दाट आहेत. त्या वळ्यांवर व्हिलाय, म्हणजे बोटांसारखे बारीक उंचवटे, आणि व्हिलायवरच्या पेशींना त्याहून सूक्ष्म मायक्रोव्हिलाय. जुन्या पुस्तकांत या सगळ्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं दिलेलं असतं. अलीकडच्या मोजणीनुसार ते सुमारे ३० चौरस मीटर भरतं. तेही काही थोडं नाही.

या मायक्रोव्हिलायवर, म्हणजे ब्रश बॉर्डरवर, सुक्रेज-आयसोमाल्टेज, माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि लॅक्टेज ही एन्झाइम रोवलेली असतात. शेवटचा घाव इथं बसतो, ग्लुकोज सुटं होतं आणि सुटताक्षणी शेजारच्या वाहक प्रथिनाच्या हाती लागतं. ते प्रथिन म्हणजे एसजीएलटी-१. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन ते आत घेतं. पेशीत सोडियम कमी ठेवायचं काम पेशीच्या दुसऱ्या बाजूचा सोडियम-पोटॅशियम पंप करतो, म्हणजे एटीपी खर्च होतं ते तिथं. मग ग्लुट-२ मधून ग्लुकोज रक्ताकडे बाहेर पडतं. फ्रुक्टोजचं दार वेगळं, ग्लुट-५.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. तुझ्या वहीत ती एका बाणाएवढी असेल. त्या बाणाचं पुढे काय झालं ते ऐक. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांची पुडी पाण्यात मिसळून तोंडानं द्यायला लावली, आणि ती द्यायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. हे शक्य झालं ते आतड्याच्या सूक्ष्म रचनेमुळे. कॉलऱ्याचं विष क्लोराइड आणि पाणी बाहेर ओतायला लावतं ते मुख्यतः क्रिप्टच्या, म्हणजे व्हिलायच्या बुडाशी असलेल्या खळग्यांच्या, पेशींतून. व्हिलायवरचं एसजीएलटी-१ शाबूत राहतं. म्हणून ग्लुकोज दिलं की सोडियम आत जातं आणि सोडियमच्या मागोमाग पाणी. नुसतं मीठपाणी दिलं असतं तर भागलं नसतं. आज आपण जी जलसंजीवनी देतो तिच्यात लिटरला ७५ मिलिमोल ग्लुकोज आणि ७५ मिलिमोल सोडियम असतं. दोन्ही जोडीनं देण्यामागे तेच एक वाहक प्रथिन आहे. हे वाचल्यावर क्रिप्ट आणि व्हिलसची आकृती तुला आयुष्यात पुन्हा पाठ करावी लागू नये.

आता ग्लुकोज व्हिलसच्या केशवाहिनीत आलं. पुढे ते कुठे जातं हे माहीत असणं फार महत्त्वाचं, आणि इथंच तुमच्या दोन वह्यांमधली भिंत सगळ्यात उंच असते. ते थेट हृदयाकडे जात नाही. सुपीरियर मेसेंटेरिक व्हेन पॅन्क्रियाजच्या मानेमागे स्प्लेनिक व्हेनला मिळते, पोर्टल व्हेन तयार होते आणि आठेक सेंटिमीटरचा प्रवास करून यकृतात शिरते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, माल आत जाण्याआधी तिथं थांबायचाच. आतड्यातून आलेल्या ग्लुकोजला यकृत तसं आहे.

डिसेक्शन हॉलमध्ये हे स्वतःच्या बोटानं अनुभव. लेसर ओमेंटमच्या उजव्या मोकळ्या कडेमागे तर्जनी सरकव, फोरॅमेन ऑफ विन्स्लोमध्ये. तुझ्या बोटाच्या पुढे पोर्टल व्हेन आहे, तिच्यापुढे उजवीकडे पित्तनलिका आणि डावीकडे हिपॅटिक आर्टरी. बोटाच्या मागे इन्फीरियर व्हेना केव्हा. पुढच्या शिरेतलं रक्त ग्लुकोज घेऊन यकृतात चाललेलं. यकृताचा हिशेब झाल्यावर तेच रक्त हिपॅटिक व्हेनमधून, थोडं वर डायाफ्रामखाली, मागच्या शिरेला मिळणार. तुझ्या बोटाच्या दोन बाजूंना एकाच प्रवासाचे दोन टप्पे आहेत. ज्या माणसानं देहदान करून तुला हे बघू दिलं, त्याच्या शरीरात हा प्रवास आयुष्यभर चालला होता. हे मनात ठेवून हात लाव.

आता तो ७० ग्रॅमचा आकडा काढ. प्रौढ माणसात पाचेक लिटर रक्त. १०० मिलिलिटरला ९०-१०० मिलिग्रॅम ग्लुकोज म्हटलं, तर एका वेळी सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात दोन भाकऱ्यांचे ७० ग्रॅम येऊन पडणार, तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर सहसा १४० च्या वर जात नाही. हे कसं, हा प्रश्न पडला तर मेटाबॉलिझमचा तक्ता वाचायला कारण मिळतं.

याचं एक मोठं कारण यकृतातलं ग्लुकोकायनेज. ग्लुकोजला फॉस्फेट जोडून पेशीत अडकवून ठेवणारं हे एन्झाइम. इतर पेशींत हेच काम हेक्सोकायनेज करतं. हेक्सोकायनेजचं केएम, म्हणजे एन्झाइम अर्ध्या वेगानं चालायला लिटरला किती ग्लुकोज लागतं तो आकडा, ०.१ मिलिमोलच्या आसपास, ग्लुकोकायनेजचं आठ ते दहा मिलिमोल. बहुतेक मुलं हे दोन आकडे परीक्षेपुरते लक्षात ठेवतात. तू विचार, आठ-दहा मिलिमोल ग्लुकोज निरोगी शरीरात कुठे सापडतं? हातातल्या शिरेत नाही. सापडतं ते जेवणानंतरच्या पोर्टल व्हेनमध्ये. म्हणजे हे एन्झाइम अशा ठिकाणी बसवलंय जिथं त्याच्या कामापुरतं ग्लुकोज फक्त जेवण झाल्यावर येतं. उपाशी असताना ते जवळपास स्वस्थ राहतं आणि मेंदूच्या वाट्याचं ग्लुकोज ओढून घेत नाही. शिवाय ग्लुकोज-६-फॉस्फेट साठलं तरी ते हेक्सोकायनेजसारखं बंद पडत नाही. म्हणून यकृत साठवत राहू शकतं, सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेनपर्यंत. ग्लायकोजेन म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्यांचा साठा. केएमचा आकडा आणि पोर्टल व्हेनची आकृती एकाच पानावर काढ. मला वाटतं, पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात याहून देखणा जोड नाही.

इन्सुलिनही याच वाटेनं येतं. स्वादुपिंडातलं शिरेचं रक्त पोर्टल व्हेनलाच मिळतं, त्यामुळे इन्सुलिन आधी यकृताला भेटतं आणि त्यातलं साधारण निम्मं तिथंच काढून घेतलं जातं. इन्सुलिन बनताना त्याच्याबरोबरच सुटणारं सी-पेप्टाइड यकृत असं काढत नाही, म्हणून स्वादुपिंड किती इन्सुलिन बनवतंय हे बघायला सी-पेप्टाइड मोजतात.

आता सरांचा प्रश्न. रक्तात इन्सुलिन मोजायची रेडिओइम्युनोअसे पद्धत यॅलो आणि बर्सन यांनी १९६० च्या सुमारास आणली, आणि १९६४ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तोंडानं दिलेल्या ग्लुकोजनं इन्सुलिन जास्त सुटतं. रक्तातली साखर दोन्ही वेळा सारखी ठेवली तरी फरक राहतो. कारण आतड्याच्या अस्तरातच आहे. ड्युओडेनम आणि जेजुनममध्ये के पेशी असतात, त्या जीआयपी सोडतात. इलियम आणि कोलनकडे एल पेशी जास्त, त्या जीएलपी-१ सोडतात. जेवण येतंय ही वर्दी हे हार्मोन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना आधीच देतात. शिरेतून दिलेलं ग्लुकोज या पेशींच्या समोरून जातच नाही. तू 'थेट रक्तात जातं' म्हणालीस ना, तेच तर कारण आहे, फक्त उलट्या बाजूनं. जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याला तोडतं. ते एन्झाइम अडवणाऱ्या गोळ्या म्हणजे ग्लिप्टिन. सेमाग्लुटाइडसारखी औषधं जीएलपी-१ चंच काम जास्त काळ करतात. जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं, जीएलपी-१ भरपूर सुटतं, आणि कित्येक मधुमेहींची साखर वजन उतरायच्या आधीच सुधारते, त्याचंही हे एक कारण. सर पुन्हा भेटले तर स्वतःहून जाऊन सांग. आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधून आलेला विद्यार्थी शिक्षकाला आवडतो. त्यांनी बाहेर पाठवलं होतं याचं मनात काही ठेवू नकोस.

आणि आता बाबा. रात्री आठच्या भाकऱ्या मध्यरात्रीच्या सुमारास आतड्यातून शोषून झालेल्या असतात. पोर्टल व्हेनमधून ग्लुकोज यायचं थांबतं. पण मेंदू दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो, म्हणजे तासाला पाच ग्रॅम. रक्तातलं सगळं ग्लुकोज एकट्या मेंदूला तासभरच पुरलं असतं. तरी आपण सकाळी शुद्धीवर उठतो, कारण यकृत रात्रभर ग्लुकोज सोडत असतं. आधी ग्लायकोजेन मोडून, आणि पहाटेकडे निम्म्याच्या आसपास नवीन बनवून: लॅक्टेटपासून, ॲलानिनपासून, ग्लिसरॉलपासून. ग्लुकोनिओजेनेसिस हा धडा म्हणजे दुसरं काही नाही, झोपलेल्या माणसाच्या यकृताचं रात्रीचं काम आहे. निरोगी माणसात थोडंसं इन्सुलिन या कामाला आवर घालून ठेवतं. टाइप-२ मधुमेहात यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, यकृताला ग्लुकोज सोडायला लावणारं ग्लुकागॉन हे हार्मोन हवं तेवढं उतरत नाही, पहाटे कॉर्टिसोल आणि ग्रोथ हार्मोनही भर घालतात. यकृत गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज रक्तात सोडत राहतं. म्हणून काही न खाता साखर दीडशेच्या वर. ती ताटातून आलेली नसते, यकृतातून आलेली असते.

हे बाबांना असंच, साध्या मराठीत सांग. त्यांचा आपल्या मापनावरचा आणि स्वतःवरचा अविश्वास कमी होईल. "मी तर काही खाल्लं नाही" असं म्हणताना पुष्कळ मधुमेहींच्या मनात एक अपराधी भाव असतो, घरचेही शंका घेतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर ते मुख्यतः यकृताचं हेच जादा सोडणं कमी करतं, हेही सांग. पण गोळी वाढवायला किंवा कमी करायला सांगू नकोस, आणि रात्रीचं जेवण बंद करा असंही नको. आकडे लिहून त्यांच्या डॉक्टरांना दाखवू देत. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, बघून ते ठरवतील. तू त्यांची मुलगी आहेस, डॉक्टर व्हायला अजून वेळ आहे.

बाबांच्या रक्ताच्या निमित्तानं ग्लायकोलिसिसही उरकून घेऊ, कारण तू त्या दहा पायऱ्यांनी हैराण झालीयेस. साखरेसाठी रक्त घेतात ती नळी बघितलीस? करड्या टोपणाची. तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्सलेट असतं. तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नाहीत, म्हणून त्यांना ग्लायकोलिसिसशिवाय गत्यंतर नाही आणि त्यांचं ग्लायकोलिसिस लॅक्टेटवर संपतं. रक्त शरीराबाहेर काढलं तरी त्या जिवंत असतात आणि ग्लुकोज खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण पाच ते सात टक्के घटते. खेड्यात घेतलेलं रक्त तालुक्याच्या लॅबला पोचायला तीन-चार तास लागले तर किती फरक पडेल, तूच हिशेब कर. फ्लोराइड एनोलेजला अडवतं. एनोलेज कितव्या पायरीला? नवव्या. म्हणूनच फ्लोराइड घातल्यावरही पहिला तासभर साखर थोडी घटतच राहते, कारण वरच्या पायऱ्या लगेच थांबत नाहीत. आता नववी पायरी विसरून दाखव मला.

बाकीच्या पायऱ्यांत तीन जागी जास्त वेळ घालव: हेक्सोकायनेज, पीएफके-१ (फॉस्फोफ्रुक्टोकायनेज), पायरुव्हेट कायनेज. या तिन्ही मागे फिरत नाहीत. त्यांना वळसा घालायला ग्लुकोनिओजेनेसिसची चार एन्झाइम आहेत आणि प्रत्येकाची जागा लिहायचीच. पायरुव्हेट कार्बोक्सिलेज मायटोकॉन्ड्रियात, ग्लुकोज-६-फॉस्फेटेज एन्डोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये. यातलं शेवटचं यकृतात आणि मूत्रपिंडात असतं, स्नायूत नसतं. स्नायूंत यकृताच्या कितीतरी पट ग्लायकोजेन असूनही ते बाबांच्या सकाळच्या साखरेत थेट भर घालू शकत नाही, ते या एका गैरहजेरीमुळे. हे एन्झाइम जन्मतःच नसलेली मुलं असतात. व्हॉन गिर्के यांनी १९२९ मध्ये त्या आजाराचं वर्णन केलं आणि १९५२ मध्ये गर्टी आणि कार्ल कोरी यांनी दाखवलं की यकृतात ग्लुकोज-६-फॉस्फेटेजच नाही. अशा बाळाचं यकृत ग्लायकोजेननं फुगलेलं असतं, आणि दोन दुधांमध्ये जरा अंतर पडलं की साखर धोक्याइतकी उतरते. त्यांना थोडं मोठं झाल्यावर मक्याचा कच्चा स्टार्च (कॉर्नस्टार्च) पाण्यात कालवून देतात. शिजवलेला स्टार्च अमायलेज झटपट तोडतं, कच्चा सावकाश तुटतो. म्हणजे यकृताला जमत नाही ते ग्लुकोज थोडंथोडं सोडायचं काम आतडं करतं. हा उपाय सुचायला ॲनाटॉमीची वही आणि बायोकेमिस्ट्रीची वही एकत्र उघडावी लागली असणार.

अभ्यास कसा करायचा ते थोडक्यात सांगते. एक मोठा ड्रॉइंग पेपर घे. त्यावर तोंडापासून यकृतापर्यंतचा मार्ग काढ, शिरांसकट. प्रत्येक एन्झाइम आणि वाहक प्रथिन त्याच्या जागेवर लिही. मग त्याच चित्रावर वेगवेगळ्या रंगांनी चार वेळा दाखव: जेवणानंतर तासाभरानं, चार तासांनी, पहाटे, आणि तीन दिवसांच्या उपासानंतर. प्रत्येक वेळी ग्लुकोज कोण पुरवतंय आणि कोण वापरतंय, ते बाण. मग रूममेटसमोर हे सगळं मराठीत मोठ्यानं समजावून सांग. जिथं अडखळशील तेवढंच पुस्तक उघड. मराठीत समजून घेणं आणि इंग्रजीत लिहिणं यात कमीपणा काही नाही. पण लिहायचा सराव मात्र वेगळा हवा, रोज एक प्रश्न वेळ लावून. थोडं पाठांतर तरीही करावंच लागेल. ड्युओडेनमच्या चार भागांचे संबंध, एन्झाइमची नावं यांना दुसरा इलाज नाही. ते जेवणाआधीच्या अर्ध्या तासात उरक, मुख्य अभ्यासाची वेळ त्यात घालवू नकोस.

झोपेचं मात्र मी हलक्यानं घेणार नाही. कॉलेजात तुला मेंटॉर नेमून दिलेले असतील, त्यांना या आठवड्यात भेट आणि मला लिहिलंस तसं त्यांनाही सांग. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा आला असं वाटलं, तर तुमच्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जा, नाहीतर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन कर. तो सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. भावी डॉक्टरनं मदत मागू नये असा समज कॉलेजात असतो. तो घातक आहे, तू तो बाळगू नकोस.

शेवटी दोन प्रश्न देते. एक, मधुमेही माणूस इन्सुलिन पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचतो. ते आधी कुठे पोचतं, आणि स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनच्या मानानं यकृताला त्यातलं कमी मिळतं की जास्त? दोन, तीन दिवसांच्या उपासात मेंदू कीटोन वापरू लागतो. तांबडी पेशी ते का वापरू शकत नाही? दोन्हींची उत्तरं वरच्या मजकुरातून निघतात. लिहून पाठव, पुढच्या पंधरवड्यात तपासून देते.